मी न खरवडलेलं पितळ

आपल्या गावच्या सरदारांना, पाद्रीबाबांना, अध्यक्षस्थानी बसलेल्या गोदीच्या मालकीणबाईंना, चटयांवर बसलेल्या वडीलधाऱ्यांना, जेवणाची तयारी सोडून दाराशी आलेल्या आयाबहिणींना आणि आज गोदीतून निवृत्त होणाऱ्या लिसिआतेकाकांना माझा नमस्कार. आपल्यापुढे उभं राहावं एवढा मान माझा नाही. थोडा वेळ तो आपण मला द्यावा.

काकांच्या बेचाळीस वर्षांच्या कामावर मी बोलावं असं ठरलं होतं. मला मात्र तीन वर्षांपूर्वीची एकच सकाळ सांगता येईल.

देवमासे यायला दोन आठवडे होते. पहाटेच्या प्रार्थनेनंतर मी गायनात रमलो आणि गोदीत पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. मेलेनाइतेताईंची शिडाची बोट 'लुपे' रुळांवर उभी होती आणि नऊच्या भरतीला ती पाण्यात सोडायची होती. पती गेल्यावर ताई त्याच जुन्या बोटीतून पाहुण्यांना देवमासे दाखवायला नेत. घर त्यावर चाले.

पाणी आत-बाहेर करायला बोटीच्या तळाला भोकं असतात, हे इथे कुणाला सांगायला हवं? लुपेला सहा होती. प्रत्येकात एक पितळी नळी आणि तिच्यावर पाणी अडवणारा कॉक. काकांची रीत आपण जाणता. नळी सुरीने खरवडायची. पिवळी चमकली तर ठीक. गुलाबी दिसली तर समुद्राने तिच्यातलं बळ खाल्लं, ती बदलायची. मग हातोडीने हलकेच वाजवून आवाज ऐकायचा, कॉक उघडून मिटून बघायचा. आणि ज्याने हे केलं त्यानेच नळीपाशी आपल्या गाठीने लाकडी बूच बांधायचं, नळी मोडलीच तर ठोकायला हाताशी असावं म्हणून. बूच बांधलेलं दिसलं की काका पुन्हा तपासत नसत. ती गाठ म्हणजे त्या माणसाचा शब्द.

मी पाच नळ्या खरवडल्या. सहावी संडासाच्या मागे होती. तिथे तेलकट पाण्यात पोटावर झोपून खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. माझ्या अंगात प्रार्थनेचा धुतलेला सदरा होता. मी नुसता हात लांब करून बूच बांधलं.

"काय रे सेमिसी, झाल्या का सहाही?" काकांनी खालून विचारलं.

"झाल्या, काका."

"सदरा बराच कोरा राहिला."

"देवाची कृपा."

खालचे सगळे हसले. मीही हसलो. देवाचं नाव मी कशासाठी वापरलं, हे तेव्हाही मला कळत होतं.

बोट पाण्यात सोडल्यापासून अकरावा दिवस रविवार होता. रविवारी आपल्यापैकी कुणी बोटीकडे फिरकत नाही. आपण सगळे चर्चमध्ये होतो, ताई गायनात होत्या. बाहेर आलो तेव्हा खाडीत लुपेची फक्त डोलकाठी दिसत होती.

पाणबुड्याने सोमवारी नळी वर आणली. मोडलेली, आणि आतून डुकराच्या पिल्लाच्या कानासारखी गुलाबी. बूच तिच्याशेजारी तसंच लोंबत होतं. काकांनी गाठ बघितली. गोदीत कुणाची गाठ कशी, हे त्यांना झोपेतही कळतं.

ताईंनी विचारलं, "ही कुणी तपासली?"

"शेवटचा हात फोरमनचा," काका म्हणाले. "माझा धरा."

"चाळीस वर्षं लोकांच्या बोटी खरवडल्यात, आणि विधवेच्या बोटीला डोळे मिटलेत? चर्चमध्ये उपदेश करताना मात्र आवाज खणखणीत असतो तुमचा."

सगळं गाव ऐकत होतं. मी चार हात अंतरावर उभा होतो. बोललो नाही.

काका मला एवढंच म्हणाले, "उद्यापासून जुना सदरा घालून ये." पुढे ते कधी उपदेशाला उभे राहिले नाहीत. त्यांची पाळी कुणाला मिळाली? मला. तीन वर्षं मी खरेपणावर बोललो आणि आपण माना डोलावल्यात. ताई बाजारात चटया विकायला बसत होत्या. जाताना मी दुसरी वाट धरायचो.

गेल्या आठवड्यात मालकीणबाईंनी काकांची जागा मला देऊ केली. काकांनी आपली सुरी माझ्यापुढे धरली. "घे, धार लावून ठेवलीय." मला ती घेता आली नाही. ती जागा मी घेणार नाही, हे बाईंना सांगून झालं आहे. पाद्रीबाबांनी उपदेशाच्या यादीतून माझं नाव काढलं आहे.

आणि आज पहाटे, क्षमा मागायला जाताना आपले आजे-पणजे घालत तशी इफीच्या झाडाच्या पानांची माळ गळ्यात घालून मी ताईंच्या अंगणात जाऊन बसलो.

"इतक्या पहाटे? कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. लुपे मी बुडवली, ताई."

सगळं ऐकून त्यांनी विणायची चटई बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मला एकटीला सांगून काय होतंय? मी त्या म्हाताऱ्याला चारचौघांत बोलले. तूही चारचौघांत बोल."

मंडळी, आपण मला मध्येच थांबवलं नाहीत, याबद्दल मी आभारी आहे. जेवण निवत असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, आनंदाच्या दिवशी मी भलतंच काढलं असेल, तर तेवढं पोटात घाला. काका, आपली क्षमा मी या गर्दीत मागत नाही. तिच्यासाठी आपल्या दाराशी येईन.

आणि मेलेनाइतेताई, आपण सांगितलंत ते केलं. सहावी नळी मी तपासली नव्हती. तिथली गाठ माझी होती.