हरिओमच्या डोक्यावरची शपथ

शिल्पा : हरिओमच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होतीस, ताई. सख्ख्या लेकराच्या!

सुकन्या : घेतली होती.

शिल्पा : अन् मोडली! बाबाला सांगितलंस, आता दारात जीप. नांदेडला, मनाच्या डॉक्टरकडं! आख्खं हदगाव बघून राहिलंय. केसानं गळा कापलास माझा.

सुकन्या : बघू दे हदगावला. तू बस जीपमधी.

शिल्पा : न्हाई बसत. जगावं वाटेना, असं दिवाळीत म्हणले होते मी. आता गुढीपाडवा झाला. खाते, पिते, हसते. बरी हाय मी.

सुकन्या : चतुराआत्याबी बरी झाली होती.

शिल्पा : आत्याचं काय मधीच?

सुकन्या : तिनंबी असंच बोलून दाखवलं होतं, आईजवळ. मग तुझ्या बारशात काय मिरवली! पाळणे म्हणली. सगळे म्हणले, गेलं बाई ते खूळ डोक्यातून. अन् वर्ष सरायच्या आत तिला पोचवून आले.

शिल्पा : आत्या तापानं गेली.

सुकन्या : लोकांना ताप सांगितला.

(शिल्पा उंबऱ्यावरच बसली. लहानपणापासून ऐकलेला तो ताप सगळ्या घरानं मिळून रचलेला होता तर.)

शिल्पा : म्हणजे आईनंबी फसवलं मला! तवाच कुणाला सांगितलं काहून न्हाई तिनं?

सुकन्या : आत्यानं शपथ घातली होती.

शिल्पा : कुणाची?

सुकन्या : माझी. आईनं पाळली. मी हाय, आत्या न्हाई. म्हणून तुझी मोडली. डॉक्टरबाई फोनवर म्हणल्या, असा विचार एकदा येऊन गेला, की माणूस हसाया लागलं तरी त्याला विसरायचं न्हाई, विचारत राहायचं. शिव्या दे मला, लई दे. पण शिव्या द्यायला तू पाहिजेस ना गं!

शिल्पा : अन् हरिओमला काही झालं तर?

सुकन्या : भ्याव वाटतंय की. निजला की अंगाला हात लावून बघते. जिनं शपथ घातली तिनंच ‘सुटली’ म्हणावं लागतंय, तवा ती उतरती. तुला ‘सोड’ असं कोणत्या तोंडानं म्हणू?

शिल्पा : माझा राग गेला न्हाई, ताई.

सुकन्या : न्हाई गेला तरी चालंल.

शिल्पा : दिवाळीतलं ते... अजून येतंय कधी कधी मनात.

सुकन्या : बरं झालं बोललीस. ऊठ.

शिल्पा : हरिओम कुठाय?

सुकन्या : जीपमधी. बाबाच्या मांडीवर.

शिल्पा : मला त्याच्याशेजारी बसव. त्याच्या डोक्यावर हात ठेवून ‘सुटली’ म्हणायचंय.