बडीशेपेशेजारची वाटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय उपेंद्रजी, खास या कार्यक्रमासाठी म्हैसूरहून आलेल्या प्रमुख पाहुण्या आसावरीताई, व्यासपीठावरचे आपल्या मंडळाचे पदाधिकारी, समोर बसलेल्या माझ्या सगळ्या मैत्रिणी, सर्जापूर रोडची वाहतूक पार करून चक्क वेळेवर आलेली तरुण मंडळी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते माझे यजमान सुहास नवाथे, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सत्कारमूर्तींच्या पत्नीने थोडक्यात आणि हसतखेळत बोलावं, असं मला बजावलेलं आहे. थोडक्यात बोलण्याचा प्रयत्न करते. हसतखेळतचं मात्र कबूल करत नाही, कारण आज मी फार घाबरलेली आहे. माईकला नाही घाबरले. कशाला, ते सांगते.

यांच्याबद्दल आतापर्यंत जे बोललं गेलं ते सगळं खरं. सगळी नोकरी विमानांच्या इंजिनांवर केली आणि निवृत्तीनंतर मंडळाची भोजन समिती हातात घेतली. या माणसाच्या पंगतीत कुणाला मीठ मागावं लागलं नाही. पण एका गोष्टीचा उल्लेख सगळ्यांनी टाळला, की कुणाला ती सांगण्यासारखी वाटलीच नाही? आपल्याकडे जेवण झालं की बडीशेपेच्या ताटलीशेजारी एक स्टीलची वाटी असते. तिच्यात ॲसिडिटीच्या गोळ्या, कात्रीने कापून सुट्या केलेल्या. ही पद्धत यांची. इंजिनियर माणूस ना! बिघाड व्हायच्या आधीच देखभाल करायची, हे रक्तात भिनलेलं. कटाची आमटी परत वाढून घ्या, वाटी आहेच, असं हे म्हणायचे आणि आपण सगळे हसत हसत हात पुढे करायचो. दुसऱ्या मंडळांना आपण हे अभिमानाने सांगायचो. हो की नाही, उपेंद्रजी?

तर हे स्वतः रोज एक गोळी घ्यायचे. किती वर्षं, ते त्यांनाही आठवत नाही. डॉक्टरांनी दिली होती कधीतरी काही आठवड्यांसाठी, ती चालूच राहिली. पुढे गुडघा दुखायला लागला, त्याची दुखण्याची गोळी आली, तीही दुकानातून, न विचारता. मी म्हटलं, "अहो, पोटाला बाधेल." तर म्हणाले, "ॲसिडिटीची घेतोय ना वर, पोट झाकलेलं आहे."

आता पुढचं बोलणं व्यासपीठाला शोभणारं नाही. आसावरीताई, आधीच क्षमा मागते. संक्रांतीच्या सुमारास यांना शौचाला काळं होत होतं. डांबरासारखं काळं आणि चिकट. या माणसाने ते मला सांगितलं नाही. का? कारण यांनी मनाशी हिशेब लावून टाकला होता. भोगीची भाजी झाली, तिळाच्या भाकऱ्या झाल्या, मंडळासाठी परातभर काळ्या तिळाचे लाडू वळून झाले, येता-जाता चाखून झाले, म्हणजे तिळामुळेच असणार! अशी चूक आपल्यासारख्याच माणसांच्या हातून होऊ शकते. आणि पोट? पोट फारसं दुखतच नव्हतं. रोजच्या गोळीनं ते गप्प बसवलं होतं आणि आत काय चाललंय याचा कुणाला पत्ता नव्हता.

तिळगूळ वाटपाच्या दिवशी, याच हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात, हे गुळाच्या पोत्यावर बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर थंडगार घाम. मी पदरानं घाम पुसला. "काही नाही गं, स्वल्प चक्कर," म्हणाले आणि आडवे झाले. आपल्यातल्याच कुणीतरी गाडी काढली. वाटेत यांना उलटी झाली. कॉफीच्या चोथ्यासारखी. रोज सकाळी फिल्टरमधला चोथा मी झाडाला घालते, तसाच रंग. ते रक्त असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पोटात अल्सर होता आणि त्यातून रक्त वाहत होतं. डॉक्टर कार्तिक यांनी दुर्बीण घालून ते थांबवलं. मग तिथला बारीक तुकडा तपासायला गेला. तो अहवाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, ते इथे बोलत नाही. सुदैवानं दुसरं काही निघालं नाही. निघाला तो एक जंतू, पोटात ठाण मांडून बसलेला. जंतू आणि ती गुडघ्याची गोळी, दोघांनी मिळून पोटाची चाळण केली होती.

डॉक्टरांना मी आपली वाटी सांगितली. ते म्हणाले, "अक्का, ही गोळी सहसा खाण्याच्या अर्धा तास आधी घेतात. ज्याला गरज आहे त्यानं, सांगितलेल्या मुदतीपुरती. जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून कोण वाटतं?" मी मान खाली घालून त्यांच्याच कानडीत म्हटलं, "सरी डॉक्टर," म्हणजे बरं डॉक्टर.

थांबा, थांबा. कुजबुज नको. हयवदन अण्णा, तुम्ही उद्यापासून गोळी बंद कराल, मी ओळखते तुम्हाला. तसं करू नका. तुम्हाला ती हृदयाच्या डॉक्टरांनी दिली आहे, रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर पोट सांभाळायला. ती घ्यायचीच. गोळी वाईट नाही हो. यांचा अल्सर भरला तो प्रतिजैविकांबरोबर दिलेल्या याच गोळीनं. कुणी दिली, कशासाठी, कधीपर्यंत, एवढं विचारायचं. घ्यायचं तेही विचारून आणि सोडायचं तेही विचारून. आणि काळं झालं, वजन उतरलं, घास अडकायला लागला, तर गोळी शोधत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

तर मी घाबरले का आहे? जंतू गेला की नाही, हे बघायला श्वासाची एक चाचणी असते. नळीत फुंकायचं, बस्स. पण तिच्या आधी निदान दोन आठवडे ही गोळी बंद ठेवावी लागते. नाहीतर जंतू दबून राहतो, चाचणी म्हणते गेला, आणि तो असतो तिथेच. मग अल्सर परत होतो, रक्त परत वाहू शकतं. गेल्या महिन्यात चाचणी ठरली होती. आदल्या रविवारी हे नाटकाच्या तालमीला आले, छातीवर हात चोळला, आणि लगेच कुणीतरी प्रेमानं पर्समधून गोळी काढून दिली. यांनी घेतली. दवाखान्यात विचारल्यावर खरं सांगितलं, एवढं बरं केलं. त्यांनी परत पाठवलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

आता चाचणी सोमवारी आहे. ती झाली की आम्ही पुण्याला ईराकडे, आमच्या लेकीकडे, कायमचे राहायला जाणार. गोळी बंद झाल्यापासून यांना जळजळ होते. डॉक्टर म्हणाले, अचानक थांबवल्यावर थोडे दिवस आम्ल उसळतं, त्यासाठी एक पातळ औषध चालेल. पण मला ते कळलं तरी वळत नाही. रोज सकाळी मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी असते. हे आतून ओरडतात, "ठीक आहे!" आणि मला पटत नाही. संक्रांतीलाही हे "काही नाही"च म्हणत होते ना?

एक मिनिट. मकरंद, आत्ता तू यांच्या हातात काय दिलंस?

"काकू, जस्ट इन केस," म्हणतोय. बाळा, एचएसआर लेआउटहून दर रविवारी येऊन पंगतीत वाढतोस, तुझा जीव आहे यांच्यावर, मला ठाऊक आहे. माझं सगळं भाषण ऐकलंस तू. तरी तुझा हात खिशात गेलाच. बघा मंडळी, किती खोल मुरलंय हे आपल्यात!

आणि अहो, तुम्ही मूठ का मिटलीत? उघडा. माझ्याकडे बघू नका, मूठ उघडा.

काय म्हणालात? मोठ्यानं बोला, मागे ऐकू जात नाही.

हे म्हणतायत... थांबा, मला जरा पाणी द्या.

हे म्हणतायत, "नीला, सकाळपासून जास्त जळतंय. परत तसंच झालं तर? मला भीती वाटते गं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. गुळाच्या पोत्यावरून उचलताना ऐकलं नाही, दुर्बीण घालायच्या आधी ऐकलं नाही. अहो, मलाही वाटते. रोज वाटते. हे तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत तर!

द्या ती गोळी इकडे. आता असं करायचं, खाली उतरलो की डॉक्टर कार्तिकना फोन लावायचा. जळतंय कसं, कुठे, काळं झालंय का, सगळं तुम्ही स्वतः सांगायचं, "ठीक आहे" म्हणायचं नाही. ते म्हणाले घ्या, तर चाचणी गेली उडत, मीच पाण्याचा पेला घेऊन येईन. ते म्हणाले या, तर हार गळ्यात असतानाच निघू. ते म्हणाले थांबा, तर आपण दोघं थांबू, दाराच्या आत तुम्ही आणि बाहेर मी.

अध्यक्ष महोदय, वेळेचं भान राहिलं नाही. नको ते शब्द या पवित्र व्यासपीठावरून बोलले, एका मुलाला सर्वांसमोर टोकलं, नवऱ्याचं गुपित फोडलं. पदरात घ्या. या गावानं, या मंडळानं आम्हाला जे दिलं त्याबद्दल दोघांच्या वतीनं मनापासून आभार. आता तुम्ही सगळे निरोप द्यायला वर याल, यांचा हात हातात घ्याल. एवढीच विनंती, येताना रिकाम्या हातानं या.

नमस्कार.