वायरची लाज

– आणि म्हणूनच सांगतो, ज्यांना वायरची लाज वाटते ना, तेच एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार! नाही हो कुंदनशेठ, तुम्हाला नाही म्हणत – तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, वायरी लोंबल्या की आपलं कोल्ड स्टोरेज जुनाट दिसतं – खरंच की, गोठलेल्या सुरमईला काय वाटेल! बसा, चहा घ्या, दाखवतो. हा बोर्ड. अमोनिया गळला की याला कळतं, हा गेटवरच्या भोंग्याला कळवतो, भोंगा बोंबलतो. साधी गोष्ट. पण कळवायचं कसं? वायफायनं! का? तुमचा मोबाइल त्यावर चालतो म्हणून. आणि ते वायफाय रोज संध्याकाळी, तुमचे मामा, म्हणजे मोठे शेठ, घरी निघाले की बेशुद्ध. का? मी सांगतो का – रात्रपाळीचा दुसरा कॉम्प्रेसर सुरू होतो, एवढी मोठी मोटार, त्यात पत्र्याच्या भिंती, कसा टिकेल सिग्नल? इंजिनियर आहे मी, तुम्ही फक्त मान हलवा.

तर ही बघा – वायफायऐवजी केबलनं बोलणारी नखाएवढी चिप, बोर्डाला चार-पाच वायरी, आणि हे सॉकेट. इथून केबल सरळ मामांच्या केबिनमधल्या त्याच वायफायच्या राउटरला, तिथून दुसरी भोंग्याला. रविवारी छतावर चढून स्वतः ओढली – परवानगी? मागितली असती तर तुम्ही मीटिंग घेतली असती. मागच्या महिन्यात गॅस गळला तेव्हाही मीटिंगच झाली ना? भोंगा गप्प, आणि टाकीजवळच्या माणसानं नाकानं ओळखलं, आठवडाभर खोकत होता – कोण म्हणजे? रात्रपाळीचा ऑपरेटर, कुणी का असेना – हो, माझे बाबा, पण त्याचा इथे काय संबंध? दुसऱ्या कुणाचे बाबा असते तरी मी – जाऊ दे. आजही तेच आहेत आत.

बटण दाबतो हं – ऐकलंत? पावणे गावातली सगळी कुत्री उठली! हा हिरवा दिवा दिसतोय? हा जळतोय तोवर बाबा – म्हणजे सगळेच – निर्धास्त. या आता तुम्ही, मामांना सांगा, वायर दिसेल, दिसू दे –

अरे, दिवा का गेला? थांबा, पुन्हा दाबतो – वाजत का नाही? हसू नका, कुंदनशेठ! ओ मालतीबाई, केबिन झाडताना केबल ओढलीत काय?

"मी कशाला ओढू, सुगत बाला? मोठं शेट घरी गेलं, म्हनून केबिनचा मेन बंद केला. रोजचंच हाय माजं."