चार नंबरचा कॅमेरा

—हो हो, मोबाईलच आहेत ते सर, बरोबर ओळखलंत. जुने फोन. प्रत्येकाच्या घरी कपाटात एखादा पडलेला असतोच ना, काच तडकलेला, बटण गेलेला—तेच मागून आणले. कॅमेरा चालतोय ना, मग झालं! लोखंडी स्टँड, त्याला ब्युरेटचा क्लॅम्प, क्लॅम्पमध्ये फोन, आणि सगळं वायफायवरून इथे, माझ्या केबिनमधल्या या स्क्रीनवर. बसा ना कुंदन सर—ती नको, ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या. तुमच्या कॉलेजलाही करायचंय म्हणालात ना? करा, बिनधास्त करा. आमच्या प्राचार्यांनी आधी मोठ्या कंपनीकडून कोटेशन मागवलं होतं, ते वाचून त्यांनाच घाम फुटला. मग मी म्हटलं, केमिस्ट्रीचं मी बघते.

कशासाठी म्हणजे? अहो, लॅब दोन, मधे हा एवढा लांब पॅसेज, आणि शिकवायला मी एकटी. जागा रिकाम्या, भरती नाही—तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याकडे काय वेगळं आहे? इकडे मी ॲसिड पाण्यात कसं ओतायचं ते दाखवतेय आणि तिकडे कोणीतरी पिपेट तोंडाने ओढतोय—कळणार कसं मला? आता कळतं. एका लॅबमध्ये असले की दुसरीचं माझ्या फोनवर दिसतं. आज तुम्ही आलात म्हणून इथे बसलेय, दहा मिनिटं बुधाजी बघतील दोन्हीकडे—आमचे लॅब असिस्टंट, फार जुने. मुलं सुरुवातीला कुरकुरली, ‘पद्मजा मॅडमनी हेर बसवलेत’ म्हणाली. म्हटलं, बाळांनो, नियम ऐका—रेकॉर्डिंग नाही, फक्त लाईव्ह. आणि कॅमेरा टेबलावर. हात दिसले पाहिजेत, चेहरे नाहीत. त्यात मी फार कडक आहे हं सर. कोणाच्या चेहऱ्यावर पाळत ठेवायची नाही.

काय? चार नंबर? हो... त्यात चेहरा दिसतोय खरा. क्लॅम्प ढिला झाला असेल. जुना माल शेवटी! तुम्ही हा पाच नंबर बघा, काय सुंदर दिसतंय, ट्रायपॉड, बर्नर, जाळी—

ती? ती कोणी नाही हो. थर्ड इयरची मुलगी आहे. हुशार आहे. बघा, थर्मामीटर वाचताना कशी वाकते, डोळा बरोबर रेषेत. लहान असताना ताप आला तरी थर्मामीटर आधी स्वतः वाचायची, मगच माझ्या हातात—

...आता तुम्ही हसताय. हसा. मुलगी आहे माझी. पूर्वी नाव तिचं. आणि क्लॅम्प ढिला-बिला काही नाही, मीच वाकवलाय. दिवाळीनंतर. आता बघताय ते कोणाला सांगू नका, नियम मीच केलेत.

घरी काय बघायचं, घरी असते कुठे ती! करंज्याला राहते, माझ्या भावाकडे. सकाळी तिकडून एसटीने येते, संध्याकाळी परत. रागावलीय. वर्गात ‘येस मॅडम’, ‘नो मॅडम’, बस. तिच्या बाबांशी मात्र फोनवर तास तास बोलते, मी स्वयंपाकघरात उभी राहून कुकरच्या शिट्ट्या मोजते. झालं काय, तर एम.एस्सी. करायचं नाही म्हणाली. हौसामामीबरोबर, म्हणजे माझ्या वहिनीबरोबर, सुक्या मासळीचा धंदा करायचा. पॅकिंग, तपासणी, मिठाचं प्रमाण, पाण्याचं प्रमाण, सगळं डोक्यात तयार! आमच्या आख्ख्या कुटुंबातून शिकून बाहेर पडलेली मी पहिली, सर. माझी आई करंज्याच्या बंदरावर मासळीची पाटी घेऊन बसायची. मला कॉलेजात बाकावर शेजारी कोणी बसायचं नाही, वास येतो म्हणून. तर मी बोलून गेले—त्या वासातून मी बाहेर पडले आणि तू परत त्यातच चाललीस? ती एवढंच म्हणाली, ‘आई, वास तुला येतो. मला नाही येत.’ आणि ऐन दिवाळीत बॅग भरली. आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची? नको, तुम्ही नका सांगू. तुम्ही पाहुणे. तिच्या शेजारी ती मनिषा, तिची पार्टनर, दोघींचं चांगलं जमतं, बघा, काहीतरी हसल्यासुद्धा, माझ्यासमोर कधी—

अगं! अगं ते बीकर—

एक मिनिट सर. उकळतं पाणी होतं त्यात. मनिषाच्या हातावर गेलं. दिसलं ना तुम्हाला? बुधाजी कुठायत—दुसऱ्या लॅबमध्ये, अरे देवा. थांबा. थांबा थांबा. पूर्वीने गॅस बंद केला. आधी गॅस! शाब्बास. आता नळ... हां, हात नळाखाली. अंगठी काढतेय तिची, सूज यायच्या आत, बघा बघा, मी सांगायच्या आधी! एका पोराला पिटाळलं बुधाजींकडे, बाकीच्यांना मागे सारलं. काय बोलतेय? आवाज नाही हो यात, स्वस्तातला कारभार. रडत नाहीये मनिषा, मान हलवतेय. बुधाजी आले. आले एकदाचे. जातेच मी तिकडे—

फोन. लॅबचा इंटरकॉम आहे.

हॅलो? ...हां पूर्वी, बोल. ...बघितलं मी, सगळं बघितलं. पाणी चालू ठेव, मलम नको लावूस. ...माहितीय? बरं, तुला माहितीय. बुधाजींना सांग, रिक्षा बोलवा, मनिषाला डॉक्टरकडे नेऊ. मी येते बरोबर. ...हां. ...आणि तू? तुला कुठं उडलं? ...थोडं म्हणजे किती? कुठल्या हाताला? पूर्वे, खरं सांग. ...रडतेस कशाला गो, तू किती बरोबर केलंस! ...नाय, कॅमेऱ्यासमोर नको धरूस हात. मला नाय बघायचं तिथं. थांब तू. मीच येते, आलेच.

सर, चहा येईल, तो प्या आणि निघा तुम्ही. पंखा तेवढा बंद करा.