दोन अधिक तीन

हसू नका, पण घरी कॉम्प्युटर केला म्हणून मला फॉरेस्टच्या चौकीवर नेलं होतं. कुंभारवाड्यात तेव्हा वायर आणि बॅटरी एकत्र दिसली की रानडुकराच्या शिकारीचाच संशय यायचा.

गार्ड दारात उभा. "डुकरासाठीच न्हवं ही वायर?"

"न्हाई साहेब, कॉम्प्युटर हाय. बेरीज करतो."

"मग कर की दोन अन् तीन."

मी बटणं दाबली. तीन दिवे होते, प्रत्येकाला आपापला आकडा. एकचा दिवा लागला, चारचा लागला, मधला दोनचा विझलेलाच राहिला. एक आणि चार, म्हणजे पाच! सहा महिन्यांत पहिल्यांदाच उत्तर बरोबर आलं. मी आनंदानं ओरडलोच.

गार्डनं लागलेले दिवे बोटानं मोजले.

"दोन अन् तीन म्हंजे दोन? येड्यात काढतोस व्हय? चल चौकीवर!"