गिऱ्हाईक नंबर एक

...आणि वर ते सॉफ्टवेअर विचारतं काय, तर म्हणे तुमची गोदामं किती! गोदामं! अहो, तुम्हाला सांगतो, माझं सगळं भांडवल म्हणजे एक पितळी पातेलं, दोन कढया, एक झारा आणि तिळाचा एक डबा, त्यातलेही निम्मे तीळ बायको चटणीला पळवते... मी गोदाम आणू कुठून? शून्य लिहिलं. तर लगेच लाल अक्षरांत, 'किमान एक आवश्यक'! म्हणजे आधी गोदाम बांधा, मग पुढचं पान बघा! कॉम्प्युटरच्या दुकानातल्या त्या माणसाला म्हटलं, नोडी स्वामी, बघा हो, साधं दाखवा, अगदी साधं, एकट्या माणसाचा धंदा आहे हो! तर तो म्हणतो, "सार, हेच साधं आहे. मोठं दाखवू का?"

धंदा कुठला, ते सांगतो. मी बिंदुमाधव, वय एकाहत्तर, म्हैसूरला अग्रहारात राहतो. चार पिढ्या इथंच. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडण सोयीप्रमाणे. लग्नामुंजीचा स्वयंपाक करणारे पुष्कळ, मी त्यातला नव्हे. मी श्राद्धाचा स्वयंपाक करतो. सकाळी लोकांच्या घरी जायचं, सोवळं नेसायचं, आणि दुपारपर्यंत वडे, खीर, तिळाचे लाडू, भाज्या, सगळं पानावर. सेहेचाळीस वर्षं हेच. हाताखाली कोणी नाही, कारण या कामाला कोणी येतच नाही. लग्नाचा आचारी फोटोत तरी येतो, आमचा फोटो कोण काढणार? कार्ड छापायचीसुद्धा सोय नाही हो! काय छापू, 'पुन्हा सेवेची संधी द्या'?

आता याला सॉफ्टवेअर कशाला, असंच ना? मीही तेच म्हणत होतो. एक लांबट वही होती. तिथी, नाव, पानं किती, पैसे किती. आणि ती तरी कोण उघडत होतं! सगळं डोक्यात. कुणाच्या घरी खीर शेवयांची, कुणाला कढीपत्ता वर्ज्य... झोपेतून उठवून विचारा, सांगत होतो. होतो म्हणतोय मी, लक्षात घ्या.

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात काय झालं, मी घरी बसून अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत होतो. थंडी पडली की आमच्या म्हैसुरात घरोघर हाच उद्योग, शेंगा सोला, दाणे भिजवा, पुन्हा सोला. फोन आत चार्जिंगला. आणि दारात स्कूटर थांबली. बघतो तर संकर्षण, आमच्या नरसिंगरावाचा मुलगा, सरस्वतीपुरमला राहतो, कॉलेजात शिकवतो. अंगावर धोतर-उपरणं! त्याच वेशात स्कूटरवरून आला होता बिचारा. म्हणाला, "काका, सतरा फोन केले. ब्राह्मण पानावर बसलेत."

वद्य षष्ठी. नरसिंगरावाची तिथी. मी ती उद्या धरून चाललो होतो.

आणि नरसिंगराव कोण? अहो, माझा मित्र! अकरा वर्षं रोज सकाळी आम्ही दोघं मिळून एक कॉफी प्यायचो, बाय टू, आणि त्यातही निम्मीहून जास्त तो ओतून घ्यायचा. मला म्हणायचा, "बिंद्या, तुझे वडे खायचे तर दरवेळी दुसऱ्याच्या बापाचं श्राद्ध शोधावं लागतं रे!" त्या माणसाच्या पानावर त्या दिवशी केळी आणि दूध ठेवून वेळ निभावली. मी धावत गेलो, पण सगळं आवरलं होतं. त्याची बायको दारात उभी. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "असू दे हो, होतं असं वयात." वयात! मी रस्त्यात उभा राहून रडलो, लपवत नाही तुमच्यापासून. चुकलेली लग्नाची जेवणावळ दुसऱ्या दिवशी देता येते, तिथी कुठून आणणार? त्यानंतर त्या घरून फोन नाही. एकदाही नाही.

तेव्हा ठरवलं, डोक्यावर आता भरवसा नाही. विसरणार नाही असं काहीतरी पाहिजे. जावयाला विचारलं. प्रणेशराव कंपनीत आहेत, हूटगळ्ळीला घर बांधलंय. म्हणाले, "मामा, हिशोबाचं सॉफ्टवेअर घ्या. गिऱ्हाईक, तारीख, बाकी, सगळं तेच सांगतं. वही, डोकं, दोन्ही सुटलं." आता जावई म्हणाला म्हणजे... तुम्हाला जावई आहेत ना? मग पुढचं सांगायला नको.

तर पहिलं ते गोदामवालं. दुसऱ्याची गंमत फोनवर. एक मुलगी बोलत होती, आवाज एवढा गोड, की मला वाटलं घरचीच कोणीतरी. "सर, किती जण वापरणार?" एक. "कर्मचारी किती?" एक. "म्हणजे सर, मालक धरून दोन?" नाही हो बाई, मालक तोच, कर्मचारी तोच, भांडी घासणारा तोच! साधं द्या, एकट्या माणसाचा धंदा आहे हो! तर म्हणते, "सर, मग तुमच्यासाठी आमचा प्रगती प्लॅन. यात तुमचा धंदा तीन वर्षांत तिप्पट होईल." मी फोन कानापासून लांब धरला. तिप्पट! अगं बाई, माझा धंदा तिप्पट व्हायचा म्हणजे गावात काय व्हायला पाहिजे, कल्पना आहे का तुला? देव करो आणि तुझा प्लॅन न चालो!

तिसरं, वर्ष सरत आलं तेव्हा, प्रणेशरावांनीच माझ्या फोनवर घालून दिलं. फुकट, मराठीतसुद्धा. म्हणाले, "मामा, आधी सराव करा. गिऱ्हाईक म्हणून स्वतःचंच नाव घाला, स्वतःचाच नंबर, आणि एक खोटं बिल बनवा." घातलं. बिंदुमाधव, एक पान, आगाऊ पैसे जमा. सेव्ह. टिंग वाजलं. एवढं सोपं! मी तर हरखलोच. नाही म्हणायला थोडं डोकं खाल्लं त्यानंही. माल मोजायचा कशात, तर किलो, लिटर, डझन, खोकी. 'पान' कुठंच नाही, शेवटी 'नग' केलं. मग मालाचा फोटो टाका म्हणे. मग गिऱ्हाइकांचे अभिप्राय मागवा, पाच तारे... अहो, माझ्या स्वयंपाकाचा अभिप्राय कावळा देतो! त्याला कुठला फोन देऊ? पण आयतु, बरं म्हटलं, चालवून घेऊ.

मग चार दिवस बसून वहीतली सगळी नावं स्वतः घातली. एकशे बेचाळीस! नाव, फोन, आणि खाली 'शेरा' म्हणून एक रकाना होता, त्यात तिथी. तुळसी, म्हणजे आमची ही, म्हणाली, "जेवायला तरी उठा." मी उठलो नाही. वद्य षष्ठी, नरसिंगराव, हे मी तीन वेळा तपासून घातलं. फोन मात्र संकर्षणचा. कारण नरसिंगरावाचा फोन आता कुठं...

इथंच गोम आहे बघा. माझ्या वहीत नावं असतात ती गेलेल्यांची. पहिल्यापासून तशीच. का? तर मुलांचं काही खरं नसतं हो! आज सरस्वतीपुरम, उद्या हूटगळ्ळी, परवा परदेश, फोन बदलतात, घरं बदलतात. गेलेला माणूस तिथी सोडून हलत नाही. म्हणून नाव त्याचं, नंबर मुलाचा. सेहेचाळीस वर्षं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आता त्या सॉफ्टवेअरला काय माहीत, की ही दुकानात येणारी गिऱ्हाईकं नव्हेत? आणि मला काय माहीत, की त्याला माहीत नाही?

पाचव्या दिवशी सकाळी फोनवर चौकट आली. 'तुमचे १४३ ग्राहक बऱ्याच दिवसांत आलेले नाहीत. त्यांना संदेश पाठवायचा का?' चार दिवस मी दिसेल तिथं 'हो' दाबत होतो. सुम्ने, आपलं उगाच, इथंही दाबलं.

पहिला फोन हूटगळ्ळीहून, देवेशचा. "काका, हे काय? 'प्रिय वामनराव, बऱ्याच दिवसांत आपली भेट नाही. आपली फार आठवण येते. लवकरच भेटू! आपला, बिंदुमाधव.' काका, बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आठवण येते हे बरोबर, पण लवकरच भेटू म्हणजे? तब्येत बरी आहे ना तुमची?"

अय्यो देवा! एकशे बेचाळीस घरं! दुसरा फोन कमलिनीबाईंचा, फत्तेसिंगरावांच्या पत्नी, ब्याऐंशी वर्षांच्या. फणकारल्याच, "यांना मेसेज, यांची आठवण! मी जिवंत बसलीय घरात, मला कोण विचारतंय?" एकानं शिव्या दिल्या, शुद्ध कन्नडात. एक जण आधी नुसता हसत राहिला, मग म्हणाला, बाबांच्या नावानं मेसेज किती दिवसांनी बघितला. मी प्रत्येकाची माफी मागतोय, आणि तुळसी मागून म्हणतेय, "तुम्हाला साधं पाहिजे होतं ना? घ्या साधं!"

आणि मग स्क्रीनवर नाव आलं, संकर्षण.

 म्हटलं, संपलं. आधीच त्याच्या बापाला उपाशी ठेवलं, वर ही थट्टा. उचलला. तो बोलायच्या आत मीच म्हटलं, "संकर्षणा, चूक झाली रे, मशीननं..." तर म्हणाला, "काका, आईनं तो मेसेज माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. म्हणाली, बऱ्याच दिवसांत भेट नाही हे खरंच आहे की, भावजी येतच नाहीत आता. आम्हाला वाटलं तुम्हाला आमचा राग आला."

राग! मला! मी म्हटलं, "अरे, तुमचा फोन नाही आला म्हणून..." तो म्हणाला, "आम्ही तुमच्या फोनची वाट बघत होतो, काका. लाजेनं केला नाही. त्या दिवशी मी सतरा वेळा फोन केला, तुमच्या दारात येऊन बोललो, नंतर मलाच कसंतरी झालं." म्हणजे बघा, वर्षभर दोन्ही घरं एकमेकांची वाट बघत बसलेली! मग म्हणाला, "येत्या वद्य षष्ठीला याल ना?"

गेलो. आदल्या दिवशीच जाऊन बसलो त्यांच्या ओट्यावर, हो, उगाच जोखीम कशाला! वडे केले, वर्षाची कसर काढून केले. गच्चीवर पान ठेवलं आणि मागं वळतोय तोच कावळा! नरसिंगराव, दुसरं कोण, निम्म्याहून जास्त त्यानंच उचललं. माझे डोळे धुरानं भरले होते, असं मी सगळ्यांना सांगितलं.

पण एक राहिलंच. तो संदेश १४३ जणांना गेला होता ना? एकशे बेचाळीस वहीतले, आणि एक सरावाचा. त्या सकाळी, सगळे फोन आटोपल्यावर, माझ्याच फोनवर मेसेज वाचला. 'प्रिय बिंदुमाधव, आपली फार आठवण येते. लवकरच भेटू! आपला, बिंदुमाधव.' तुळसीनं खांद्यावरून वाचला. आत जाऊन देवापुढं दिवा लावला, आणि बाहेर येऊन म्हणाली, "ते नाव आत्ताच्या आत्ता काढा."

काढायला गेलो, तर लाल अक्षरं. 'या ग्राहकाच्या नावावर व्यवहार आहे. काढता येणार नाही.' ते खोटं बिल, एक पान! प्रणेशरावांना फोन केला. म्हणाले, "मामा, काढता येणार नाही, पण निष्क्रिय करता येईल." म्हटलं नको हो, जावईबापू, एवढ्यात नको.

तेव्हा राहिलोय तिथंच. यादी उघडली की सगळ्यात वर मीच, गिऱ्हाईक नंबर एक. पान एक, आगाऊ पैसे जमा, शेऱ्याचा रकाना तेवढा कोरा. कधीतरी कोणीतरी भरेल. मला त्याचं काही नाही, तुम्हाला सांगतो, त्या यादीत सगळी ओळखीचीच माणसं आहेत, करमेल मला. एकाच गोष्टीचा विचार करत बसतो... त्या दिवशी वडे कोण तळणार? एकट्या माणसाचा धंदा आहे हो!