लाईट आली की

...आन् मला सांगा, ज्याचं एका 'की'त भागतंय त्यानं व्हेन, आफ्टर, ॲज सून ॲज ही तीन तीन लचांडं गळ्यात कशाला बांधून घ्यायची? आमच्या कळस गावात कसं, पाव्हणं आलं की चहा टाक, लाईट आली की मोटर चालू कर... झालं! एका 'की'वर अख्खा तालुका चाललाय, तुमाला सांगतो!

पण लोणी देवकरला, आमच्या कंपनीत, सुपरवायझरची जागा निघाली आन् साहेब म्हणले, "महिपतराव, मुलाखत इंग्रजीत हाय." आमची रेश्मा म्हणली, "सुपरवायझर झाला की रातपाळी सुटंल, पोरांना बापाचं तोंड तरी दिसंल." बघा, तिचं बी 'की'तच भागलं!

मग लावला बारामतीला रमाकांत सरांचा क्लास. सर चष्मा पुसत म्हणायचे, "हे पहा, व्हेन म्हणजे जेव्हा. आफ्टर म्हणजे नंतर, थोडा उशीर चालतो. ॲज सून ॲज म्हणजे तत्क्षणी." म्हणलं, सर, तत्क्षणी आमच्यात एकच गोष्ट होती. शेतीची लाईट आली की माणूस उठतो. जेवत्या ताटावरनं उठतो, अर्धी दाढी ठेवून उठतो. आमचं अप्पा तर माझ्या लग्नात मुठीत अक्षता घेऊनच विहिरीवर गेलते! सर म्हणले, "छान, ह्याचं वाक्य करा." आता ह्याचं काय वाक्य करणार?

मुलाखतीला पुण्याच्या विनया मॅडम. आमा सगळ्यांना एकाच खोलीत रांगेनं बसवलेलं. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, लाईट गेली, मशीन बंद पडलं, लाईट परत आली की काय करणार? समजलं मला, सगळं समजलं! "आय स्टार्ट मशीन..." म्हणलं आन् थांबलो. आफ्टर लावावं तर माणूस आळशी दिसतो, ॲज सून ॲज लावावं तर उतावळा, आन् व्हेन... तेवढ्यात खरीच लाईट गेली. पंखा थांबला. मॅडम म्हणल्या, "टेक युवर टाईम." घेतला. जरा वेळानं पंखा फिरला, ट्यूब पेटली, आन् तुमाला सांगतो, डोकं अजून शब्दच निवडतंय आन् पाय दाराबाहेर! मागं बघतो तर सगळी रांग माझ्यामागनं पळतीया, एकजण तर वरडतोय, "आरं, आज पाण्याची पाळी कुणाची?" गेटवर वॉचमन म्हणला, "कुठं निघाला?" तवा ध्यानात आलं, मोटर कळसात हाय, ही लाईट कंपनीची.

माघारी गेलो तर जागा भरली होती. मॅडम म्हणल्या, "जागेवर थांबणारा माणूस हवा होता." रांगेतला ऋषिराज एकटा खुर्चीत बसून राहिलता. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा बेकार! बाहेर गाठून इचारलं, लेका, तू कसा उठला न्हाईस?

म्हणला, "उठून कुठं जाऊ, महिपतराव? माझी बोअर उन्हाळ्यातच आटली."

नव्या सुपरवायझरला गुड मॉर्निंग सर म्हणलं, आन् गेलो रातपाळीला.